उजवं पोट

इंजिन वीतभर खाली उतरलं आणि अडलं.

"अजून सोड," लेस्टर होडीच्या उजव्या पोटातून ओरडला. क्रेनवरच्या डूलीने साखळी जराशी सैल केली. इंजिन एका अंगाला कललं, फायबरच्या भिंतीला घासलं आणि तिथंच रुतून बसलं. लेस्टरने खांदा लावून पाहिलं, शिव्या घालून पाहिल्या. इंजिन हललं नाही.

कॅटमरान म्हणजे दोन पोटांची होडी, आणि दोन्ही पोटांना आपापलं इंजिन. सकाळी डाव्या पोटात याचंच भावंड अल्लाद जाऊन बसलं होतं. तेव्हा लेस्टरची बायको मर्ल हिने कित्येक महिन्यांनी नकाशा बाहेर काढला होता आणि उत्तरेकडच्या बेटांची नावं मोठ्याने वाचली होती.

तीन हिवाळे ही होडी बंडाबर्गच्या होडी-दुरुस्तीच्या यार्डात ठोकळ्यांवर उभी होती. आधी डेक कुजलेला निघाला, मग डोलकाठीचा पाया, मग दोन्ही इंजिनं. एक दुखणं निस्तरावं तर त्याच्या आडून दुसरं डोकं वर काढी. नवराबायको होडीतच राहत. मोरीचं पाणी खाली सोडायची सोय नाही, म्हणून बादली घेऊन शिडी उतरायची आणि गुडघ्यांना गोंजारत परत चढायची. मर्लने यंदा सांगून टाकलं होतं, "या हिवाळ्यात ही पाण्यात गेली नाही, तर आपल्याकडे होडी नाही असं मी समजेन."

डूली क्रेनवरून उतरून शिडीशी आला. पहिल्या पायरीवर त्याने पाय ठेवला तोच वरून मर्लचा आवाज आला.

"बूट."

"माझे मोजे बघितलेस तर बूटच बरे म्हणशील."

"मोजे तुझे आहेत. डेक मी पुसते."

डूलीने मुकाट्याने बूट काढले. बूट घालून होडीवर चढायचं नाही, हे यार्डात सगळेच पाळतात. पण मर्लने विम्याच्या साहेबालाही अनवाणी चढवलं होतं. त्यातून हे उसाचे दिवस. आसपासच्या शेतांत पाचट जाळलं की काळी काजळी सगळ्या होड्यांवर येऊन पडे. बाकीचे होडीवाले पावसाची वाट बघत. मर्ल रोज ओणवी होऊन डेक पुसे.

डूली उजव्या पोटात उतरला, टेप लावून आला, मग डाव्या पोटात जाऊन आला.

"हे पोट अरुंद आहे," तो म्हणाला. "डाव्यापेक्षा चांगली तीन बोटं."

"कसं असेल? दोन्ही एकाच नकाशावरून बांधलीत."

"बांधली कोणी?"

मर्लनेच उत्तर दिलं. "डावं याने, उजवं मी. माझ्या बापाच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये."

"तुझं पोट वाकडंच होतं," लेस्टर म्हणाला. "पहिल्यापासून."

ही त्याची जुनी थट्टा होती. चार लोक जमले की तो ती हमखास करी आणि मर्लही सगळ्यांबरोबर हसे. आज कोणी हसलं नाही, आणि लेस्टरनेही ती थट्टा म्हणून केली नव्हती.

"मग इंजिनाची बैठक बनवताना हे पोट मोजलं होतंस?" मर्लने विचारलं.

"डावं मोजलं."

"आणि हे?"

"वाटलं, सारखंच असेल."

मर्ल त्याच्याकडे वळली. "जन्मभर चारचौघांत वाकडं म्हणालास, लेस. आणि मोजायच्या वेळी तेवढं सरळ धरलंस."

डूली टेप गुंडाळण्यात फार वेळ घालवत होता. "बैठक फोडावी लागेल," तो शेवटी म्हणाला. "आतली आडभिंतही. ती काढली की पोटाला जोर राहणार नाही, म्हणजे ते सगळं नव्याने बांधणं आलं. यंदाचं विसरा, गड्या."

त्याने इंजिन परत वर उचललं, खाली खडीवर ठेवलं, त्याच्यावर ताडपत्री ओढली आणि क्रेन घेऊन तो दुसऱ्या होडीकडे गेला. तिथली माणसं त्याची वाट बघत होती. त्यांची होडी आज पाण्यात जायची होती.

लेस्टर उजव्या पोटाच्या तोंडाशी पाय सोडून बसला. खाली त्याची बैठक दिसत होती, घासून गुळगुळीत केलेली, पांढरीशुभ्र. इतकं नेटकं काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. त्याला रडू आलं नाही. पण आता उठून काही करावं असंही त्याला वाटेना, आणि उद्याही वाटणार नाही हे त्याला कळत होतं. आकाशातून काजळी पडत होती. ती त्याने झटकली नाही.

मर्ल बादली घेऊन शिडी उतरली. पाणी ओतल्याचा आवाज आला. खाली ती बराच वेळ थांबली असावी. मग शिडी करकरली आणि ती वर आली. त्याच्या पाठीमागून डेकवरून चालत ती आत गेली.

"चहा टाकतेय. घेणार का?" तिने आतून विचारलं. आवाज अगदी नेहमीचा होता.

लेस्टरने मान वळवली. शिडीपासून दारापर्यंत पांढऱ्या डेकवर तिच्या बुटांचे काळे ठसे उमटले होते.