जास्तीच्या विटा

लष्करी सरावाचा मार्च संपताच प्रशिक्षक उस्तादनं गावितच्या पाठीवरचा विटांनी भरलेला पिट्टू काढून वजनकाट्याला अडकवला. हलका भरला. वजन कमी म्हणजे नवशिका रंगरूट फौजेतून थेट घरी.

“विटा कुठं फेकल्यास, चोरा?”

गावित तापानं फणफणून खालीच बसला होता. ताप सांगितला की इथं कामचोर ठरवतात, म्हणून पहाटेपासून गप्प होता.

“माझ्या पिट्टूत आहेत, उस्ताद,” शेजारचा धोत्रे म्हणाला. “चढावर मीच काढून घेतल्या.”

“मग तूही घरी जा. ज्याचं ओझं त्यानं वाहायचं.”

“लढाईत याला गोळी लागली तर तिथंच टाकून यायचं का?”

उस्तादनं धोत्रेचाही पिट्टू उतरवून घेतला. मग त्यानं दोन्ही पिट्टू एकत्र तोलले.

“दोघांचं मिळून बरोबर भरलं. याला दवाखान्यात ने.”

धोत्रे आपला पिट्टू पाठीवर चढवून गावितला उचलायला वाकला.

“विटा तरी ठेव इथं, गाढवा,” उस्ताद म्हणाला.