सुराच्या आधी
शाळेच्या गाण्यांना मी लॅपटॉपवर चाली लावते, पण बटण दाबल्यावर सूर क्षणभर उशिरानं उमटतो. म्हणून रेणापूरहून आलेला दीर पेनड्राइव्ह लावून बसला होता. “वहिनी, विंडोज काढून लिनक्स टाकतो, फुकट हाय. साधं घेऊ का गाण्यावाल्यांचं? त्यात बटण दाबलं की लगेच वाजतंय.” “गाण्यावाल्यांचंच टाक,” सासूबाई मांडीवरच्या माझ्या तान्हीला थोपटत म्हणाल्या. “सूर ऐकला की कशी वळती बघ माय माझी! अन् ही म्हणती, लेकराचे कान तपासू.” “थांबा भाऊजी, इतक्यात टाकू नका,” मी म्हटलं. “आता कामून?” “आई, तुम्ही आधी हिच्याकडं नीट बघा.” मला रडूसुद्धा येत नव्हतं. लेकीसमोर लॅपटॉप सरकवून मी बोट उंचावून बटण दाबलं. बोट खाली येताच ती वळली, खुदकन हसली. आणि मग कुठं लॅपटॉपमधून सूर वाजला.