जांभळा विंचू

आमच्या सुनेला, मंजुश्रीला, माझ्याजवळ घडीभर बसवत नाही, मोबाईलच्या गेममधल्या विंचवामागं मात्र ती दुपारभर फिरते. तसले राक्षस पकडून जमवायचे, असा तो गेम. आज गच्चीवर मी तुरीची डाळ वाळत घातली होती. हिनं मोबाईल पुढं धरला, तर त्यात आमच्याच डाळीवर मांजराएवढा जांभळा विंचू उभा. उन्हात त्याची पाठ काचेसारखी चमकत होती, अन् पायाखालचा दाणा हलत नव्हता. ही बोटानं त्याच्यावर गेममधले पकडायचे गोळे फेकी, तो नांगी उगारून मागं सरके.

"लई विषारी हाय, आत्या. कुणालाच सापडंना झालाय."

माहेरी नागपंचमीला आम्ही पोरी डोंगरावर जाऊन खरे विंचू तळहातावर घ्यायचो. मी म्हणलं, "आधी फेकायचं बंद कर," आणि हात उघडा करून डाळीवर ठेवला. हिनं बोट बाजूला घेतलं. मग मोबाईलमध्ये तो विंचू हळूहळू चालत आला, माझ्या हातावर चढला अन् नांगी मिटून बसला. खरं सांगते, तळहाताला त्याचे गार पाय लागले.

मंजुश्री पहिल्यांदाच मला चिकटून बसली होती. "तुम्हाला कसा डसला न्हाई?"

"माहेरी नायगावला तुझ्या आईला फोनवर सांगत होतीस, सासूची जीभ विषारी हाय म्हणून. हाय, मी कुठं न्हाई म्हणते. पण मंजे, तू बी आजवर मला लांबूनच बघितलंस."