विश्वासाचे पाच गुण

"शून्य? काकू, तुम्ही कुणाला शून्य दिलंत?"

परीक्षा विभागाच्या बाई गुणांचा कागद घेऊन दारातच उभ्या राहिल्या. मेडिकल कॉलेजात सगळे त्यांना पाठीमागे शंकाबाई म्हणत, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. मागे एकदा पेपर फुटला होता. तेव्हापासून त्या ताकही फुंकून पीत, आणि शेजारच्याच्या पेल्यातही डोकावून बघत.

आत पेशंटकाकू आरशासमोर बसून मनगटावरचा रंग पुसत होत्या. डॉक्टरकीच्या परीक्षेला दरवेळी खरे पेशंट कुठून आणणार? मग नाटकात काम केलेली माणसं पेशंट होऊन बसतात. दुखण्याची गोष्ट शंकाबाई लिहून देतात, सूज नि डाग मेकअपवाली रंगवते. आजची गोष्ट साधी होती. बाथरूममध्ये पाय घसरला, मनगट मुरगळलं. विद्यार्थ्याने विचारपूस करायची, हात तपासायचा. घंटा वाजली की तो बाहेर, पुढचा आत. आणि जाणाऱ्याला पेशंटनेही पाचपैकी गुण द्यायचे, या डॉक्टरवर विश्वास वाटला का, याचे. तिथे शून्य मिळालं तर बाकी कितीही अक्कल पाजळलेली असो, पोर नापास.

काकू एरवी मवाळ. जांभया देणाऱ्या पोरालाही तीन द्यायच्या. आणि आज एका मुलीला सरळ भोपळा!

"आगाऊ आहे ती," काकू आरशातूनच म्हणाल्या.

"तुमच्या ओळखीतली आहे?"

"छे."

"तिच्या घरच्यांशी काही वाकडं?"

"अहो, मला तिचं नावसुद्धा माहीत नाही."

"मग कुणी सांगितलंय का, हिला पाडा म्हणून? खरं काय ते बोला. मी तुमचं नाव वर जाऊ देणार नाही."

"मला कोण सांगतंय!" काकूंनी कापूस बदलला. "तिने लिहिल्याबाहेरचं विचारलं. दार नीट लागलंय का ते बघितलं, माझ्याजवळ खुर्ची ओढली आणि म्हणाली, काकू, पडलात की पाडलं?"

शंकाबाईंनी कान टवकारले. हे गोष्टीत नव्हतं. म्हणजे गोष्ट फुटली असंही नव्हतं. पोरीने भोचकपणा केला असेल, तर चार शब्द सुनावायचे. त्यासाठी कुणी कुणाचं वर्ष बुडवत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

काकूंचं मनगट आता स्वच्छ झालं होतं. पण कोपराच्या वर, बाहीच्या कडेखाली, एक पिवळट निळा डाग तसाच होता. मेकअपवालीचा हात आज जरा सैलच सुटला होता म्हणायचा. शंकाबाईंनी क्रीम लावलेला कापूस उचलला.

"इथे राहिलंय बघा," म्हणत त्यांनी जोरात पुसलं. काकू कळवळल्या आणि त्यांनी हात मागे ओढला. कापूस पांढराच राहिला होता.

"ते तुमच्याकडचं नाही, मॅडम."

शंकाबाई खाली बसल्या. त्यांना लाज वाटली. कारकुनापासून डीनपर्यंत त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला होता, चहा आणणाऱ्यावरसुद्धा. 'बाथरूममध्ये पाय घसरला' या स्वतः लिहिलेल्या वाक्यावर तेवढा कधी घेतला नव्हता.

"वाक्य मात्र छान लिहिता हो तुम्ही," काकू म्हणाल्या. "गेल्या परीक्षेपासून मी घरीही तेच सांगते. शेजारणीला पटलं. बहिणीला पटलं. आमच्या डॉक्टरांनाही पटलं, त्यांनी मलम दिलं. आज सकाळपासून एवढी पोरं येऊन गेली, सगळ्यांना पटलं. ही एकटीच शहाणी!"

"आणि म्हणून शून्य?"

"तुमची घंटा झाली म्हणून वाचले. अजून जरा बसली असती ना, तर मी सगळं ओकून टाकलं असतं. मग घरी कुठल्या तोंडाने गेले असते?"

शंकाबाईंनी कागद पुढे ठेवला, वर पेन ठेवलं.

"काकू, यात एकच विचारलंय. विश्वास वाटला का?"

काकूंनी त्याच कापसाने डोळे पुसले. क्रीम डोळ्यांत गेलं, चुरचुरलं, त्या स्वतःलाच शिवी देऊन हसल्या. मग त्यांनी शून्यावर काट मारली, शेजारी पाच लिहिले आणि खाली सही केली.

"उद्या असेल का हो ती?"

"नाही. तिची परीक्षा झाली. उद्या दुसरी तुकडी."

"आणि गोष्ट?"

"तीच," शंकाबाई सवयीने बोलून गेल्या.

काकूंनी बाही खाली ओढली आणि पर्स उचलली.

"मग काय," त्या म्हणाल्या, "उद्या परत बाथरूममध्ये पडायचं."