बाबांचा स्पीड

बाबा वकिलांचे टायपिस्ट. की-बोर्डकडे ढुंकूनही न बघता टाइप करायचे आणि वर माझ्याशी गप्पाही मारायचे. गेल्या वाढदिवसाला मी त्यांचा जुना कॉम्प्युटर सजवून दिला. विंडो विरघळत बंद व्हायच्या, कडांना सावल्या पडायच्या, मागे लाटा हलायच्या. "छान दिसतंय गं," बाबा म्हणाले.

त्यानंतर दोनेक महिन्यांत त्यांचा स्पीड गेला. बोट आधी पडायचं, अक्षर मागाहून उमटायचं. "वय झालं माझं, बोटं ऐकत नाहीत," म्हणत त्यांनी एकेक काम परत केलं. शेवटी कॉम्प्युटरवर चादर टाकली आणि खिडकीशी जाऊन बसले. आता चहाचा कपही दोन्ही हातांनी धरतात.

काल मशीन विकायला काढलं, म्हणून दुरुस्तीवाला बघायला आला.

"मशीन ठणठणीत आहे हो. या नखऱ्यांनीच त्याचा जीव खाल्लाय," म्हणत त्याने सगळी सजावट बंद केली. "चालू कुणी केलं होतं हे?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

तो गेल्यावर मी बाबांना हाताला धरून आणलं आणि एक ओळ टाइप करून दाखवली. बोट पडताक्षणी अक्षर उमटत होतं.

"बघा बाबा, दोष मशीनचा होता."

बाबा स्क्रीनकडे नाही, माझ्या हातांकडे बघत राहिले.



"तुझी बोटं तरुण आहेत, बाळा. पळणारच ती."