मिलोतली चिठ्ठी

अमेरिकेचा पत्रकार चौकटीसमोर जाऊन उभा राहिला, तेव्हा माणिकरावांनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या. पळायची वेळ आली तर अडचण नको.

चौकट मेडशीच्या तलावाच्या कामावर, हजेरीच्या झोपडीत टांगलेली होती. काचेआड चतकोर कागद, त्यावर मोठमोठी, वाकडी इंग्रजी अक्षरं. त्या कागदावर तीनशे माणसांचं काम चाललं होतं.

साल त्र्याहत्तर. दुष्काळी काम माघातच बंद व्हायचं होतं. त्याच आठवड्यात कामावर टोपल्या वाहणाऱ्या भागिरथाला रेशनच्या लाल ज्वारीत, मिलोत, ही चिठ्ठी सापडली. मिलो अमेरिकेची, म्हणजे चिठ्ठी सरकारीच असणार. ती वाचायला माणिकरावांकडे आणली, कारण ते चार वर्षं नागपूरच्या गिरणीत होते. तिथं ते इंग्रजी आकडे आणि 'नो स्मोकिंग' एवढं शिकले होते. चिठ्ठीत यातलं काहीच नव्हतं. त्यांनी जमलेल्या बायांच्या तोंडाकडं पाहिलं आणि वाचलं, "हे धान्य पुरेल तवर मेडशीचं काम बंद करू नये. हुकमावरून."

बाबूलाल कारकुनालाही इंग्रजी येत नव्हतं, पण तसं कबूल करायची त्याला सवय नव्हती. त्यानं कागद लांब धरला, जवळ धरला.

"अक्षर असं काहून हाय?" भागिरथानं विचारलं.

"मोठ्या सायबाचं असंच असते," बाबूलाल म्हणाला. "जितका मोठा सायब, तितकं खराब."

त्यानं चौकट करून आणली आणि वर कळवलं. वरच्यांनी त्यांच्या वर कळवलं. काम चालू राहिलं.

वैशाखात जीपमधून दोन परदेशी पत्रकार आले. एक अमेरिकेचा, एक हॉलंडची बाई. सोबत दुभाषी म्हणून अकोल्याच्या कलेक्टर कचेरीतला गोविंदसिंग. तो मात्र इंग्रजीत बी. ए. होता, खराखुरा.

दुपारी निंबाखाली सगळ्यांनी भाकरी सोडल्या. पाहुण्यांनी तासभर विचारलं. किती खाता, काय खाता, विहीर किती खोल. भागिरथा कंटाळली.

"आमचं झालं इचारून. आता तुमी सांगा. बातमी नाई, घरचं सांगा."

गोविंदसिंगनं ते इंग्रजीत सांगितलं. पाहुणे एकमेकांकडं पाहून हसले.

आधी बाई बोलली. तिच्या लहानपणी गावात समुद्र शिरला. पेपरात मेलेल्यांचा आकडा आला. तिची आजी दोन दिवस छपरावर बसून होती, मांडीवर शेजारणीची कोंबडी. त्या कोंबडीवरून दोघी दहा वर्षं भांडत होत्या. पाणी ओसरलं, पण कोंबडी परत घ्यायला शेजारीण राहिली नव्हती. हे काही छापून आलं नाही.



"इतकं पाणी," विमलबाई म्हणाली. "थोडं इकडं धाडाचं असतं बाई."

मग अमेरिकेचा बोलला. त्यांच्या भागाची बातमी दरवर्षी एकच, यंदा पीक फार आलं. त्याचे वडील हीच लाल मिलो पेरायचे. त्यानं भागिरथाच्या फडक्यातला भाकरीचा तुकडा उचलला, वास घेतला आणि हळूच पुन्हा जागेवर ठेवला.

"लहानपणी मी पोत्यात चिठ्ठ्या टाकायचो. गावची सगळीच पोरं टाकायची. अजून टाकतात."

"कोणाले?"

"एका मैत्रिणीला. लांब राहायची. मी तिला कधी पाहिलं नाही. वडील सांगायचे, डोळे मोठे आहेत, स्वभाव शांत आहे."

बाया पदराआड हसल्या.

"मंग? आला का जबाब?"

"नाही."

"मोठ्या घरची असन," विमलबाई म्हणाली.

"आमच्याबी मिलोत निंघाली ना चिठ्ठी," भागिरथा सहज बोलून गेली. "पण आमची हुकमाची हाय. तिच्यावरच तं काम चालून राह्यलं."

माणिकराव हातातला घास ठेवून उठले. गोविंदसिंग सरळ बसला.

"कसला हुकूम? कागदोपत्री हे काम माघात बंद व्हायला पाहिजे. दाखवा बरं."

तर, सगळे झोपडीत. माणिकराव दाराशी, चपला हातात.

अमेरिकेच्या माणसानं चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढून पुसला, तरी तो ओलाच राहिला. बाहेर बाया टोपल्या घेऊन ओळीनं उठत होत्या. भागिरथा उरलेली अर्धी भाकर फडक्यात बांधत होती, संध्याकाळसाठी.

"मी बघतो," म्हणून गोविंदसिंगनं हात पुढं केला. तोवर पाहुण्यानं चौकट खिळ्यावरून काढून छातीशी धरली होती. तो इंग्रजीत बराच वेळ बोलला. गोविंदसिंगचा हात खाली आला.

"साहेब म्हणतात, मजकूर हाच आहे. धान्य आणखी येणार आहे. लिहिणारा शब्दाचा पक्का आहे म्हणतात."

पाहुण्यावर संशय कसा घ्यायचा? गोविंदसिंगनं वहीत 'हुकूम पाहिला' असं लिहिलं. जाताना पाहुण्यानं चौकट भागिरथाच्या हातात दिली आणि तिला वाकून नमस्कार केला. का, ते कोणाला कळलं नाही.

माणिकरावांनी चपला पायात घातल्या. आपल्याला इंग्रजी येतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पुढं गावातल्या औषधाच्या बाटल्या तेच वाचू लागले.

काम पाऊस पडेपर्यंत चाललं. मेडशीतून त्या साली कोणी गाव सोडून गेलं नाही.

चौकट भागिरथाच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली राहिली. दरवर्षी चौदा एप्रिलला ती दोन्ही काचा पुसायची आणि म्हणायची, "वाईट दिवस होते, पण कोणीतरी आपली फिकर करे."

एकोणऐंशी साली तिची बेबी मॅट्रिक झाली, इंग्रजी घेऊन. भागिरथानं चौकट तिच्या मांडीवर ठेवली. "वाच बरं. माणिकदादानं वाचलं ते बरोबर हाय का?"

बेबीनं वाचलं. आईकडं पाहिलं.

"बरोबर हाय," ती म्हणाली आणि उठून चौकट होती तिथं लावून आली.

चिठ्ठीत लिहिलं होतं, "प्रिय गाय, सावकाश खा. हे संपलं की बाबा आणखी पाठवतील. तुझा बिली, वय सात."