फडक्यात ठेचलेलं आलं

सकाळी दहा वाजता पडद्यावर नवरा दिसू लागला. इस्त्रीचा शर्ट, ओले केस चापूनचोपून बसवलेले. त्याच्या मागे खुर्चीवर त्याची आई. तिला सोबत बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. बोलायची परवानगी इकडे टेबलापाशी बसलेल्या वेल्डरलाही नव्हती, आणि ती तर त्याची बायको होती.

तिची उत्तरं आधीच घेऊन झाली होती. आता तेच प्रश्न नवऱ्याला. अधिकारी बाई विचारणार, दुभाषी ते मराठीत सांगणार आणि दोघांची उत्तरं जुळतात का ते पाहिलं जाणार. लग्न खरं की नुसतं कागदावरचं, एवढंच ठरवायचं होतं. कागदावरचं ठरलं, तर नवऱ्याचं येणं रद्द.

परदेशातल्या या टोकाच्या गावात ट्रेलर बनवणाऱ्या कारखान्याला माणसं मिळत नव्हती. म्हणून सरकारी योजना निघाली. कारखान्याने कामगाराची हमी घ्यायची, कामगाराने याच भागात टिकून राहायचं आणि टिकला तर त्याने आपल्या माणसांची हमी घेऊन त्यांना बोलवायचं. ती टिकली होती. हातमोज्यांच्या आत बोटं बधिर होईपर्यंत तिने सांधे जोडले होते. एका खोलीत संसार होत नाही म्हणून दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं होतं. अडचण एकच. लग्नानंतर ती दोघं एकत्र राहिली त्याहून जास्त काळ लांब राहिली होती, आणि सरकारी डोळ्यांना ते खुपत होतं.

तयारी कडेकोट होती. दोघांनी फोनवर एकमेकांची उलटतपासणी घेतली होती. लग्नाची तारीख, चुलत्यांची नावं, कुठल्या खिडकीतून काय दिसतं. नवऱ्याने सगळं धडाधड सांगितलं. मग अधिकारी बाईंनी पान उलटलं.

"सकाळचा चहा कोण करायचं?" दुभाष्याने विचारलं.

हा प्रश्न वेल्डरलाही विचारला होता आणि तिने खरं ते सांगितलं होतं. तो करायचा. तेव्हा तिकडच्या कारखान्यात तिची दुसरी पाळी असायची, घरी यायला उशीर व्हायचा. म्हणून सकाळी तो आधी उठायचा आणि चहा ठेवायचा. सासूबाईंची झोप मोडू नये म्हणून आलं फडक्यात गुंडाळून ठेचायचा. मग तिला हलवून जागं करायचा. ती डोळे चोळत चहा कपात ओतायची आणि सासूबाईंपुढे नेऊन ठेवायची. पहिला घोट घेऊन सासूबाई म्हणायच्या, "सूनबाईच्या हाताला चव आहे हो." त्या वेळी नवराबायको एकमेकांकडे चुकूनही बघायची नाहीत.

पडद्यावर नवऱ्याने घसा खाकरला. त्याची मान किंचित मागे वळली, आईच्या दिशेने.

"ती करायची," तो म्हणाला.

"कपड्यांना इस्त्री?"

"तीच."

वेल्डरने ओठ दाताखाली धरला. तिला लोखंडाला लोखंड जोडता येत होतं, इस्त्री काही धड फिरवता येत नव्हती.

"भांडण झालं तर आधी कोण बोलायचं?"

नवऱ्याने पुन्हा मागचा अंदाज घेतला. "तीच. मी कशाला बोलतोय?"

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं आणि काहीतरी म्हणाल्या. दुभाष्याने ते जपून मराठीत आणलं. "बाई विचारतायत, तुम्ही दोघं खरंच एका घरात राहत होतात ना?"

'खरं बोल' एवढे दोन शब्द पुरले असते. पण तिने तोंड उघडलं तर मुलाखत तिथेच संपणार होती. तिने खुर्चीची कड घट्ट धरली. पडद्यावर नवऱ्याला घाम फुटला होता.

त्याच्या मागची खुर्ची करकरली.

"खोटं बोलतोय हा, बाई," सासूबाई म्हणाल्या. "चहा हाच करायचा. आलं फडक्यात गुंडाळून ठेचायचा, चोरासारखा. मी रोज ऐकायचे."

नवरा गर्रकन वळला. "आई, तू जागी असायचीस?"

"मग! उठून बसले असते तर लाजून चहा करायचं सोडलं असतंस तू. मग हिच्या हातचा प्यावा लागला असता. लग्न झाल्या झाल्या आठवडाभर प्यायलेय मी. भोगलंय!"

दुभाष्याने हसू गिळलं. या आजींना बोलायची परवानगी नव्हती, तेव्हा हे सांगायचं की नाही, असं त्याने अधिकारी बाईंना विचारलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. त्याने शब्दन् शब्द सांगितला. फडक्यापाशी त्यांनी त्याला थांबवलं आणि तेवढं पुन्हा सांगायला लावलं. मग मागची पानं चाळून वेल्डरचं उत्तर काढलं आणि एका ओळीखाली बोट ठेवलं. बराच वेळ ते तिथेच होतं. चेहऱ्यावरून मात्र काही थांग लागेना.

"निकाल कळवू," एवढंच त्या म्हणाल्या. पडदा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी वेल्डरने घरी फोन लावला. मागून दणादण ठेचल्याचा आवाज येत होता. आता फडकं नव्हतं. सासूबाईंनी फोन आपल्याकडे घेतला.

"कळलं का गं काही?"

"नाही अजून, आई."

"कळेल. पण त्या बाईंना एक विचारून ठेव."

"काय?"

"हा तिकडे आला की माझा चहा कोण करणार? सुनेला सासूची हमी घेता येते का?"

तिने विचारलं आहे. दोन्ही उत्तरं अजून यायची आहेत. दोन खोल्यांच्या त्या घरात कप मात्र तिने तीन आणून ठेवले आहेत.